जुनी घरे का पडतात?

पावसाळ्यात जुन्नर-आंबेगावकडे एखादे जुने घर पडल्याचे कानावर आले, की "घर जुने झाले होते" असे म्हणून लोक मोकळे होतात. आम्हांस हे उत्तर पुरेसे वाटत नाही. एकाच आळीत, एकाच काळी बांधलेली दोन घरे असतात. एक ताठ उभे, दुसऱ्याचे आढे वाकलेले. वय दोघांचे सारखेच. फरक एवढाच की एका घराकडे दर वर्षी कोणीतरी पाहिले आणि दुसऱ्याकडे कोणी पाहिले नाही.

आपल्याकडचे जुने घर म्हणजे खाली दगडी जोते, त्यावर लाकडी खांब व तुळया, मध्ये पांढरीच्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या भिंती आणि वर कौले. माती कोरडी आहे तोवर भक्कम. भिजली की तिचा चिखल. म्हणून जोते उंच घेत, वळचण लांब काढत, पागोळ्यांचे पाणी भिंतीपासून दूर नेत. वाऱ्याने किंवा माकडांनी एक कौल सरकते, तेथून पडणारे पाणी तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकापाशी मुरते. तेथे ना वारा ना ऊन. लाकूड कुजते, वाळवी लागते आणि बाहेरून खांब मात्र चांगला दिसतो. पुढे भिंत फुगते, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येते. तोवर कौलाचे काम राहिलेले नसते, तुळईचे झालेले असते.

मृगापूर्वी घर शाकारायचे, कौले चाळायची, पन्हळी साफ करायच्या, भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप मुळासकट काढायचे, ही कामे पूर्वी शेतीच्या कामांइतकीच ठरलेली होती. पश्चिमेला आहुपे-भीमाशंकरकडे पाऊस इतका, की हे चुकले तर त्याच वर्षी शिक्षा होते. पूर्वेला बेल्ह्याकडे पाऊस कमी, म्हणून हयगय वर्षानुवर्षे खपते आणि एखाद्या मोठ्या पावसात सारे एकदम वसूल होते.

पाण्यापुढे खडकाचीही सुटका नाही. लेण्याद्रीचे सातवे लेणे म्हणजे भिक्षूंचे निवासस्थानच. मध्ये मोठे दालन आणि भोवती २० खोल्या. डोंगरात कोरलेल्या अशा विहारांतही पाझराने दगडाचे पापुद्रे सुटतात. या लेण्यांच्या बाबतीत आम्हां बँकेतल्या माणसांना आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. जुन्नरच्या शिलालेखांत कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे उल्लेख आहेत. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात तर ३००० कार्षापणांची ठेव स्पष्ट नोंदली आहे: मुद्दल परत द्यायचे नाही, केवळ व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च भागवायचा. दान देऊन हे लोक थांबत नसत. पुढच्या खर्चाची सोयही करून ठेवत.

आमच्या घरांचे मात्र उलटे झाले आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला चार भावांची नावे; दोन मुंबईत, एक पुण्यात, गावी म्हातारी आई. कौलाचा खर्च कोणी करायचा यावर दिवाळीत चर्चा होते आणि पावसाळा येतो. डागडुजीसाठी कर्ज काढावे म्हटले तर साऱ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. छताखाली राहते ती आई. निर्णय घेणारे छताखाली नसतात.

कधी डागडुजीच अंगाशी येते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की घर नवे दिसते. पण आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. भिंतीला लोणा लागतो, आतली माती भुसभुशीत होते आणि एक दिवस गिलाव्याचा पापुद्राच तेवढा उभा राहतो. मातीच्या भिंतीला माती किंवा चुनाच बरा.

स्लॅबचे घर म्हणजे निश्चिंती, असेही कोणी समजू नये. गच्चीच्या नळाचे तोंड पानांनी बुजले, पाणी साचले, की ते सळईपर्यंत पोहोचते. गंजलेली सळई मूळच्या लोखंडाहून दुपटीपेक्षा अधिक जागा मागते व काँक्रीट फोडते. त्या भेगेवर रंग फिरवणे म्हणजे जखमेवर शर्ट घालणे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत म्हणूनच १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. गावाकडच्या घराला असा नियम लावणारे कोणी नाही. तो भावकीनेच लावायचा.

हिस्सेदारांनी मिळून आवर्ती ठेवीचे खाते उघडावे, हप्ता लहान असला तरी चालेल. मुदत वैशाखात संपेल असे पाहावे, म्हणजे शाकारणीच्या वेळी पैसा हाती येतो. पहिला मोठा पाऊस झाला की कोणीतरी एकाने गावी जाऊन, बॅटरी घेऊन, माळ्यावर चढून प्रत्येक तुळईचे टोक हाताने चाचपून पाहावे. ओले लागले तर वरचे कौल त्याच दिवशी बदलावे.