साखर आधी उतरते, वजन नंतर

लठ्ठपणासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झाली की टाइप २ मधुमेह असलेल्या रुग्णाची साखर बरेचदा काही दिवसांतच खाली येते. वजनाचा काटा तेव्हा फारसा हललेलाही नसतो. वर्षानुवर्षे इन्सुलिन टोचून घेणारा माणूस मात्र निम्म्या डोसावर, कधी डोसाविनाच घरी जातो. एकदा जडलेला टाइप २ मधुमेह वाढतच जातो, असे मानणाऱ्या वैद्यकाला हे कोडे सोडवायला बराच काळ लागला.

या शस्त्रक्रियांचा जन्म मधुमेहासाठी झाला नव्हता. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटातील शल्यचिकित्सकांनी लहान आतड्याचा मोठा भाग वगळून अन्न थेट खाली नेण्याचा मार्ग काढला. वजन उतरे, पण जुलाब, मूतखडे आणि यकृत निकामी होणे असा भुर्दंड पडे. ती पद्धत पुढे सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी वेगळी दिशा धरली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीकच राहतात, हे त्यांच्या लक्षात आले होते. १९६६ मध्ये त्यांनी जठराचा पहिला बायपास केला.

आज हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होते. जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढी पिशवी वेगळी करतात. लहान आतडे कापून त्याचे खालचे टोक या पिशवीला जोडतात. उरलेले जठर आणि आद्यांत्र (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) शरीरातच राहतात, पण अन्न तिकडे फिरकत नाही; पित्त आणि पाचकरस दुसऱ्या फाट्याने येऊन बरेच खाली अन्नाला भेटतात. पहिले काही दिवस घोटघोट पाणी, मग डाळीचे पाणी, मग मऊ अन्न. पुढेही छोटी वाटीभर वरणभात सावकाश चावून खावा लागतो आणि पाणी जेवणाबरोबर नव्हे, नंतर प्यावे लागते. गोड जास्त झाले तर घाम सुटतो, छाती धडधडते. बी-१२, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. या बाबतीत टाळाटाळ करणारे रुग्ण थोडे नाहीत आणि त्याची किंमत काही वर्षांनी मोजावी लागते.

नॉर्थ कॅरोलिनातील शल्यचिकित्सक वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये बायपास झालेल्या ६०८ रुग्णांचा हिशेब मांडला. काहींचा पाठपुरावा १४ वर्षांपर्यंत झाला होता. त्यांतील १४६ जणांना मधुमेह होता आणि १२१ जणांची साखर औषधाविना सामान्य पातळीवर टिकली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही या कामातली उणीव खरीच. पण आकडा असा होता की त्याकडे काणाडोळा करणे अवघड.

कारण काय? २००४ मध्ये शल्यचिकित्सक फ्रान्चेस्को रुबिनो यांनी लठ्ठ नसलेल्या, पण मधुमेही उंदरांमध्ये आद्यांत्र वगळले आणि जठर तसेच ठेवले. साखर सुधारली. म्हणजे आतडे ही नुसती नळी नाही, ती संप्रेरके स्रवणारी ग्रंथीही आहे, या मताला बळ मिळाले. बायपासनंतर अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोहोचते आणि जीएलपी-१ हे संप्रेरक जोरात स्रवते. त्याने स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि भूक मंदावते.

न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांना मात्र उत्तर साधे वाटले: शस्त्रक्रियेनंतर माणूस जवळजवळ उपाशीच असतो. २०११ मध्ये त्यांनी ११ मधुमेहींना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवले. पहिल्याच आठवड्यात यकृतातली चरबी घटली आणि उपाशीपोटीची साखर सामान्य झाली. चाकू न लावता! पुढे २०२० मध्ये सेंट लुइस येथील सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने बायपासने आणि आहाराने सारखेच, सुमारे १८ टक्के वजन उतरवलेल्या रुग्णांची तुलना केली. इन्सुलिनच्या कामगिरीत झालेली सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखी निघाली. आतड्याच्या जादूवरचा भर त्यामुळे कमी झाला. शस्त्रक्रियेचा खरा उपयोग एवढे वजन उतरवून ते टिकवण्यात आहे, असे म्हणणे आज अधिक सयुक्तिक ठरते. आहाराने तेवढे उतरवणारे थोडे आणि उतरलेले राखणारे त्याहून थोडे.

'मधुमेह बरा झाला' हे शब्द मात्र जपून वापरावे लागतात. औषधाविना किमान तीन महिने एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.५ टक्क्यांच्या खाली राहिला तर डॉक्टर त्याला 'रेमिशन' म्हणतात. म्हणजे आजार शमलेला, गेलेला नव्हे. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधील प्रदीर्घ अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७२ टक्के मधुमेही या अवस्थेत होते, दहा वर्षांनी ३६ टक्के. क्लीव्हलँडच्या १५० रुग्णांच्या चाचणीत पाच वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा त्याखाली असलेले बायपास गटात २९ टक्के, जठराचा मोठा भाग कापून काढणाऱ्या 'स्लीव्ह' गटात २३ टक्के आणि नुसत्या औषधांवर ५ टक्के होते. आजार जुना आणि इन्सुलिन सुरू असेल तर शक्यता घटते, कारण स्वादुपिंडातल्या पेशी तोवर थकलेल्या असतात. जीएलपी-१ चा धागा पकडून निघालेली सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड ही इंजेक्शने वजन चांगले उतरवतात, पण थांबवली की ते बरेचसे परत येते.

वजन किती झाले म्हणजे जास्त, हा प्रश्न भारतीयांसाठी निराळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. सारख्या बीएमआयलाही चरबी अशी जास्त असू शकते, म्हणूनच आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेचा विचार करायची मर्यादा २७.५ बीएमआयपर्यंत खाली आणली गेली आहे. या फरकाचे मूळ गर्भातच सापडते. पुणे परिसरातील सहा गावांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासातली बाळे सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी भरले, पोटाचा घेर लहान भरला. पाठीच्या कातडीखालची चरबी तेवढी त्या मानाने फारशी कमी नव्हती.