तळ्यातल्या माशाला पळायला जागा नाही

रोहूची मादी वजनाच्या किलोमागे लाखाहून अधिक अंडी घालते. नदीत त्यांतली मूठभरच पिल्लं मोठी होतात. आजारी मासा बगळा नाहीतर दुसरा मासा आधीच टिपतो, म्हणून नदीत रोगराई नसते असा आपला गोड गैरसमज! शेततळ्यात हीच मर शेतकऱ्याच्या खिशातून जाते.

पाणी बिघडलं की नदीतला मासा दुसरीकडे सरकतो. तळ्यातल्याला ती सोय नाही. हिरवं शेवाळ दिवसा प्राणवायू तयार करतं, पण रात्री स्वतःच वापरतं. त्यामुळे सूर्योदयाआधीची वेळ सर्वांत धोक्याची. पहाटे मासे वर येऊन आ वासत असतील, तर प्राणवायू संपत आलाय असं समजा. लिटरला निदान ५ मिलिग्रॅम तरी हवा. लगेच पंप लावून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखं सोडा आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवा. ढगाळ हवेतही हात आखडता बरा. उरलेलं खाद्य तळाशी कुजून अमोनिया वाढवतं.

औषधाच्या बाटलीकडे धावणं बहुतेकदा फुकट जातं. अंगाला चपट्या उवा चिकटलेल्या दिसल्या, तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय तळ्यात काहीही ओतू नका.