कागद घरात, तर मदत दारात

जून २०१२. जिल्हा परिषदेच्या आमच्या उर्दू शाळेत पहिलीचे प्रवेश चालू होते. एक फळविक्रेते वालिद मुलीचा हात धरून टेबलासमोर उभे राहिले. मी दाखल-खारीज रजिस्टर उघडले. नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली आणि विचारले, "जात?" ते म्हणाले, "मुसलमान, आपा." मी रकान्यात लिहिले, 'मुस्लिम'. पुढच्या पालकांना हाक मारली. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नसतील.

बारा वर्षांनी तीच मुलगी विज्ञान शाखेतून चांगल्या गुणांनी बारावी पास झाली. तिला फार्मसीची पदवी घ्यायची होती. त्याच वर्षी, ८ जुलै २०२४ ला, राज्य शासनाचा निर्णय निघाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. हे कुटुंब बागवान. बागवान ओबीसीच्या यादीत आहेत. म्हणजे फी माफ व्हायला हवी होती. पण दाखल्यावर जात होती 'मुस्लिम', जातीचे प्रमाणपत्र कधी काढलेच नव्हते आणि प्रवेशाची मुदत दारात उभी होती. मुलीचे एक वर्ष गेले.

रजिस्टरमधले ते अक्षर माझे होते. म्हणून हा लेख.

आपल्याच जिल्ह्यातून सुरू झालेली गोष्ट

ही चूक जालन्यात व्हावी, याचे जास्त वाईट वाटते. मुस्लिम ओबीसींची चळवळ महाराष्ट्रात उभी राहिली ती जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांच्या प्रयत्नांतून. मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा १९९० मध्ये झाली, तेव्हा त्यात मुस्लिम समाजातील कष्टकरी बिरादऱ्याही आहेत हे आपल्याच लोकांना ठाऊक नव्हते. अन्सारी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले. दिलीपकुमार यांच्यासारख्या मोठ्या कलावंताने या चळवळीला साथ दिली, सभांना हजेरी लावली. १९९४ मध्ये राज्य शासनाच्या निर्णयाने मुस्लिम ओबीसींना सवलतींचा रस्ता मोकळा झाला.

त्याला तीस वर्षे उलटली. तरीही आपल्या घरांत आजही "जात?" या प्रश्नाला "मुसलमान" हेच उत्तर येते. दीन म्हणून ते उत्तर बरोबरच आहे. आपल्याकडे उच्च-नीच नाही, हेही खरे. पण शासनाच्या कागदावरचा तो रकाना आपली बिरादरी आणि बापजाद्यांचा धंदा विचारतो. मोमीन-अन्सारी, बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी-मन्सुरी, मणियार, कुरेशी या ओबीसीत येतात. छप्परबंद विमुक्त जातींत येतात.

दुसरा घोळ आडनावाचा. मराठवाड्यात बागवानही 'शेख' लावतो, पिंजारीही 'शेख' लावतो. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "शेख ओबीसीत नाही." आपण मान खाली घालून परत येतो. शेख हे आडनाव आहे, जात नव्हे. हे सांगायला तोंड पाहिजे, आणि दाखवायला जुना पुरावा पाहिजे.

आजोबांचा कागद

ओबीसीच्या प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडिलांचा, आजोबांचा, चुलत आजोबांचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचाही. त्या मुलीच्या घरी पेटीत काहीच नव्हते. "दादा शिकले होते का?" मी विचारले. "दोन-तीन इयत्ता शिकले असतील," आजी म्हणाली. त्यांच्या मूळ गावच्या शाळेत जुने रजिस्टर काढले, तर ते सगळे उर्दूत. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, कारभार उर्दूत आणि साल फसली. फसली सालात साधारण ५९० मिळवले की इसवी सन निघतो. तिथे आजोबांच्या नावापुढे स्वच्छ अक्षरात लिहिले होते, 'बागबान'. ऐंशी वर्षांपूर्वीच्या कुण्या मुदर्रिसने केलेले काम मी २०१२ मध्ये केले नव्हते.

२०२३ मध्ये अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली. तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागदांची किंमत साऱ्या महाराष्ट्राला कळली. ती उर्दू आपल्या घरात आहे. शाळेचे रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचे जुने उतारे हे सगळे पाहा. वाचता येत नसेल तर गावातल्या उर्दू शिक्षकाकडे जा. कुणी नाही म्हणणार नाही.

मूल शाळेत शिकत असेल, तर त्याच्या दाखल्यातली चूक आत्ताच दुरुस्त करून घ्या. पुरावे जोडून मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या, प्रस्ताव शिक्षण विभागाकडे जातो. एकदा मूल शाळा सोडून बाहेर पडले की हे काम फार अवघड होते. नावांचेही तसेच. दाखल्यावर 'शेख रफिक शेख युसूफ', आधारवर 'रफिक युसूफ शेख', रेशनकार्डावर 'शे. रफीक', बँकेत आणखी चौथेच. माणूस एक, कागद चार. संगणक मात्र चार माणसे समजतो.

हे कागद केवळ फीसाठी लागतात असे नाही. आजारपण, घर आणि प्रवास, तिन्हींचे कुलूप याच किल्लीने उघडते.

आजारपण : रेशनकार्ड आधी पाहा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पिवळे, केशरी आणि पांढरे अशा सर्व रेशनकार्डधारकांसाठी आहे. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतील रुग्णालयांत मोफत होतात. सत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान कार्ड मिळते. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. पैसे भरण्याआधी त्याला भेटा. चौकशीसाठी १५५३८८ आणि १४५५५ हे क्रमांक आहेत.

आमच्या वस्तीत एका भाईंच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी जुम्याच्या नमाजनंतर झोळी फिरली. बायकांनी बांगड्या दिल्या. नंतर कळले की ती शस्त्रक्रिया योजनेत बसत होती. पण भाई भावापासून वेगळे राहू लागले तेव्हा जुन्या रेशनकार्डातून नाव कमी झाले आणि नवे कार्ड त्यांनी काढलेच नाही. दिलेले दान वाया गेले असे मी म्हणणार नाही. पण तेवढ्या पैशात ज्याला कुठलीच योजना लागू नाही, अशा एखाद्याचा इलाज झाला असता. जकात आणि सदका देणाऱ्याने एक प्रश्न विचारावा, "कार्ड आहे का?" नसेल तर पैशाबरोबर कार्डही मिळवून द्यावे.

शिवाय धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटावे.

घर : ग्रामसभेत हजर राहा

पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण भागात आपल्याकडे घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये हप्त्यांनी मिळतात. त्याशिवाय शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून सुमारे नव्वद दिवसांची मजुरी. राज्याने २०२३ मध्ये इतर मागास वर्गासाठी मोदी आवास घरकुल योजना आणली. तिथेही पहिला प्रश्न जातीच्या प्रमाणपत्राचाच येतो. बागवान, मणियार, पिंजारी कुटुंबे पात्र असूनही कागदाअभावी मागे राहतात.

घरकुलाच्या याद्या ग्रामसभेत वाचल्या जातात. आपली माणसे तिथे किती असतात? नाव यादीत नसेल तर हरकत तिथेच नोंदवायची असते, लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. ज्यांना स्वतःची जागा नाही त्यांच्यासाठी जागा खरेदीला अर्थसहाय्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना आहे. आणि घर मंजूर झाले तर ते पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर करा. योजनेचा कलही तसाच आहे, आणि बाईच्या डोक्यावरचे छप्पर त्याने पक्के होते.

प्रवास : मुलीची शाळा अंतरासाठी सुटू नये

भोकरदन, जाफराबाद, मंठा, घनसावंगी भागात सातवी-आठवीनंतर मुलगी घरी बसते, त्याचे कारण बहुतेक वेळा अंतर असते. "रोज भाडे कुठून आणायचे आणि पाठवायचे कुणाबरोबर?" हा प्रश्न मी शंभरदा ऐकला आहे. ग्रामीण भागातील मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. मानव विकास कार्यक्रमात मुलींना शाळेत नेण्या-आणण्यासाठी स्वतंत्र निळ्या बस आहेत, आणि शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतील गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. गावात बस येत नसेल तर पालक, मुख्याध्यापक आणि ग्रामपंचायत यांनी मिळून आगाराकडे लेखी मागणी करावी. एकट्याच्या तोंडी तक्रारीने बस येत नाही.

मोठ्यांसाठीही लक्षात ठेवा. एसटीत पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे, महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. बाळंतपणासाठी सरकारी दवाखान्यात जाणे आणि घरी परत येणे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. त्यासाठी १०२, आणि तातडीच्या वेळी १०८. आशाताईंचा नंबर प्रत्येक सुनेच्या मोबाईलमध्ये असावा.

जे ओबीसीत नाहीत

सय्यद, पठाण आणि इतर अनेक कुटुंबे कोणत्याही यादीत नसतात. त्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र काढावे. मुलींच्या फी माफीत तोही घटक आहे. उच्च शिक्षणासाठी राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरता येते, आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज मिळते. हेही माहीत असू द्या की पहिली ते आठवीची केंद्राची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२ पासून बंद आहे. तिच्या नावाने फॉर्म विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. दार एक बंद झाले म्हणून सगळी बंद झाली असे समजून घरीही बसू नका.

रमजान संपल्यावर एक रविवार

प्रत्येक घराने एक जाड फाईल घ्यावी. त्यात आधार, रेशनकार्ड, जन्मदाखले, शाळेचे दाखले, जातीचे व उत्पन्नाचे प्रमाणपत्र, बँक पासबुक, आणि आजोबांचा मिळेल तो कागद ठेवावा. सगळ्यांवरची नावे एकदा ओळीने वाचून पाहावीत. अर्ज दिला की तारखेची पावती घ्यावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत ठरवून दिली आहे. ती उलटली तर अपील करता येते.

मशीद कमिटीने, शिक्षकांनी, कॉलेजात शिकणाऱ्या मुला-मुलींनी महिन्यातून एक रविवार टेबल टाकून बसावे. एका मोबाईलवर आणि दोन शिकलेल्या पोरांवर हे काम होते. आमच्या गावात आता होते.

त्या मुलीचे प्रमाणपत्र झाले, पडताळणीही झाली. २०२५ मध्ये तिला प्रवेश मिळाला, फी माफ झाली. मिठाई घेऊन ती घरी आली तेव्हा मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "आपा, माझ्या धाकट्या भावाचाही दाखला बघाल का?" बघितला. तिथेही 'मुस्लिम'. तेही अक्षर माझेच. तो अजून शाळेत आहे, म्हणून त्याची दुरुस्ती वेळेवर झाली.

आता जूनमध्ये रजिस्टर उघडले की "मुसलमान, आपा" हे उत्तर ऐकल्यावर मी पेन खाली ठेवते आणि पुढचा प्रश्न विचारते, "भाईजान, आपके दादा क्या काम करते थे?"