उकळणारा दगड

अजिंठ्याच्या पायथ्याशी गाडी थांबते न थांबते तोच विक्रेते खिडकीशी येतात. हातात चमकणारे दगड. "घ्या साहेब, ओरिजिनल, पाचशे." घासाघीस करून मी दीडशेत एक घेतला. रंग फिकट पीच, आकार मधोमध आवळलेल्या कडब्याच्या पेंढीसारखा. असल्या सगळ्या दगडांना आपण गारगोटी म्हणून मोकळे होतो. पण गारगोटी वेगळी. हा होता स्टिलबाइट, झिओलाइटच्या घराण्यातला.

घरी त्याचा हरभऱ्याएवढा तुकडा चिमट्यात धरून गॅसवर नेला. (वाचकांनी हा उद्योग करू नये, तुकडा तडकून डोळ्यात जाऊ शकतो.) दगड फसफसला, फुगला आणि बघता बघता खडूसारखा पांढराफटक झाला. १७५६ मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजतज्ज्ञाने असाच प्रकार पाहिला आणि 'उकळणे' व 'दगड' या दोन ग्रीक शब्दांतून नाव घडवलं : झिओलाइट.

दगडात पाणी असतं कुठे? सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनच्या अणूंची एक जाळी असते आणि तिच्यात रिकाम्या खोल्या, बोळ. पाणी तिथे वस्तीला असतं. बोळाची रुंदी साधारण मिलिमीटरचा वीस लाखावा भाग. स्पंजची भोकं लहानमोठी असतात. झिओलाइटचे बोळ मात्र सगळे ठरल्या मापाचे. म्हणजे ही चाळण आहे, रेणू चाळणारी.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला तेव्हा त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांतून खनिजयुक्त पाणी झिरपलं आणि भिंतींवर झिओलाइटचे स्फटिक धरले. म्हणून आपल्याकडे विहीर खणताना किंवा खडीच्या खाणीत सुरुंग उडवल्यावर काळ्या कातळात अचानक चमचमती कपार उघडते.

कारखान्यांना मात्र हे देखणे स्फटिक फारसे चालत नाहीत. त्यांना शुद्ध आणि हव्या त्या मापाचे बोळ लागतात, म्हणून तिथला झिओलाइट बंद पात्रात तापवून मुद्दाम घडवतात. जाळीत जिथे जिथे ॲल्युमिनियम बसतो तिथे एक ऋणभार उरतो. तो भागवायला हायड्रोजनचा आयन आणून बसवला की दगड आम्लासारखा वागू लागतो. आम्ल म्हटलं की आपल्याला बाटली आठवते. हे आम्ल कोरडं, पिठासारखं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोबिल कंपनीच्या चार्ल्स प्लँक आणि एडवर्ड रोझिन्स्की यांनी हे पीठ तेलशुद्धीकरणात आणलं. मुंबईत माहुलच्या रिफायनऱ्यांत आजही याच घराण्यातली भुकटी फिरते. तिच्या कणाची जाडी केसाएवढी. पाचशे अंशांच्या वर तापलेल्या नळीत जड तेलाची वाफ तिला भेटते आणि काही सेकंदांत लांबलचक रेणू तुटतात. कण काजळीने काळे होतात. मग त्यांना शेजारच्या पात्रात नेऊन काजळी जाळायची, आणि त्या जळण्याची उष्णता घेऊन आलेले तेच कण पुन्हा तेलाच्या वाफेत. हा रहाट अखंड चालू. हाती पेट्रोल येतं, आणि प्रोपेन व ब्युटेनही, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला सिलिंडर. मी ज्या निळ्या ज्योतीवर स्टिलबाइट भाजला, तिच्यातला काही गॅस त्याच्याच एखाद्या कृत्रिम भावाच्या पोटातून आलेला असणं सहज शक्य आहे.

असं काम करणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. शाळेत तो शिकवताना लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाची उपमा देतात. मला ती अपुरी वाटते. मध्यस्थ स्थळं जुळवून बाजूला होतो. झिओलाइट दारात उभा राहून कुणी आत यायचं, कुणी बाहेर पडायचं, तेही ठरवतो. झायलीन या रसायनाचं पाहा. त्याचे तीन प्रकार : पॅरा, मेटा, ऑर्थो. तिघांतही प्रत्येकी आठ कार्बन, दहा हायड्रोजन. फरक फक्त दोन फांद्या कुठे फुटल्या एवढाच. पॅरा १३८ अंशांना उकळतं, मेटा १३९ ला. उकळून वेगळं करायला गेलात तर हात टेकाल. झेडएसएम-५ या झिओलाइटच्या बोळातून मात्र पॅरा शिडी लांबीत धरून न्यावी तसं सरळ निघून जातं. उरलेली दोघं कोपर फाकवून चालणाऱ्या माणसासारखी अडतात, आत घुटमळतात, आणि घुटमळताना त्यांच्या फांद्या सरकून त्यांचंही पॅरा होऊ शकतं.

पॅराचं एवढं कौतुक का, तर पॉलिएस्टर त्याच्यापासून बनतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, म्हणजे एनसीएलने, झायलीनच्या याच अदलाबदलीसाठी स्वतःचा झिओलाइट उत्प्रेरक घडवला आणि १९८० च्या दशकात तो बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीत वापरात आला. नाव ठेवलं एन्सिलाइट. मोठ्याने उच्चारलं की प्रयोगशाळेचं नाव ऐकू येतं. प्रयोगशाळा पाषाण रस्त्यावर. तिथून तासा-दीड तासावर वाघोलीच्या खाणी. क्रशरमध्ये खडी पडण्याआधी एखादा कामगार काळ्या दगडातली पीच रंगाची पेंढी अलगद उचलून बाजूला ठेवतो, व्यापारी येईल म्हणून.