दहा डॉलरची जमीन

१६० एकर जमीन, नोंदणीची फी १० डॉलर. तीन वर्षांत घर बांधायचं, ठरलेली जमीन नांगरून लागवडीखाली आणायची, की मालकी आपली. कॅनडा सरकारच्या या बोलीवर विश्वास ठेवून १८९१ ते १९१४ या काळात सुमारे १ लाख ७० हजार युक्रेनी माणसं समुद्र ओलांडून आली. एडमंटनमधल्या ज्या वृद्धनिवासात मी परिचारिका आहे, तिथल्या कितीतरी आज्या-आजोबा या शेतकऱ्यांची नातवंडं. त्यांना औषधं देताना, सुजलेल्या पायांना मलम चोळताना मी हा इतिहास आधी ऐकला. पुस्तकं नंतर वाचली.

तेव्हा ही माणसं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या गॅलिशिया आणि बुकोविना या प्रांतांत राहत. बापाची जमीन भावाभावांत वाटली जाऊन तुकडे इतके लहान झाले होते की त्यावर पोट भरेना. रान जमीनदाराचं, सरपणही त्याच्याच मर्जीवर. १८९१ मध्ये नेबिलिव गावचे इव्हान पिलिपिव आणि वासिल एलेनियाक कॅनडाला गेले. गावी परतल्यावर लोकांना देश सोडायला फितवतो म्हणून पिलिपिवला तुरुंगातही जावं लागलं, पण बातमी फुटायची ती फुटलीच. १८९५ मध्ये ओसिप ओलेस्किव या शेतीतज्ज्ञाने तिकडच्या मोकळ्या जमिनीबद्दल पुस्तिका छापल्या आणि गावंच्या गावं निघाली.

इथे आल्यावर बऱ्याच जणांनी उघडी, सपाट, लगेच नांगरता येणारी माळरानं सोडली आणि उत्तरेकडची झाडीची जमीन मागितली. सरकारी अधिकाऱ्यांना हा वेडेपणा वाटे. मला त्यात पूर्ण शहाणपण दिसतं. ज्याने जन्मभर लाकडाच्या मोळीसाठी दुसऱ्यापुढे हात पसरला, तो स्वतःची झाडं का सोडील?

पहिला हिवाळा ‘बुर्देय’मध्ये काढायचा. म्हणजे जमिनीत खड्डा खणायचा, वर ओंडके टाकायचे, त्यावर गवताच्या मुळांसकट कापलेली माती रचायची. एका कोपऱ्यात मातीची भट्टी. पुरुष रोख पैशासाठी रेल्वेच्या कामावर किंवा खाणीत निघून जात, आणि बाई दोन-तीन मुलांसह त्या खड्ड्यात, उणे तीस अंशांत, एखाद्या गाईच्या जिवावर महिने काढी. जमिनीच्या कागदावर नाव नवऱ्याचं. पण माझ्या मते ही शेती खरी उभी केली ती या बायकांनी. आणि तो मुलूख रिकामा नव्हता, हेही सांगितलंच पाहिजे. क्री लोकांशी झालेल्या १८७६ च्या करारानंतर ती जमीन सरकारने आपली मानून वाटायला काढली होती.

कागदोपत्री या लोकांना ‘युक्रेनी’ कुणी म्हणत नसे. गॅलिशियन, रुथेनियन, नाहीतर सरळ ऑस्ट्रियन. हाच शिक्का १९१४ मध्ये त्यांना भोवला. पहिलं महायुद्ध सुरू झालं, ऑस्ट्रिया शत्रू ठरला आणि त्या राज्यातून पळून आलेले हे शेतकरीही शत्रू ठरले. ८,५७९ माणसं २४ छावण्यांत डांबली गेली, त्यांतले बहुसंख्य युक्रेनी. आणखी सुमारे ८० हजार जणांना ओळखपत्र घेऊन ठाण्यावर हजेरी लावावी लागे. बँफच्या ज्या निसर्गरम्य रस्त्यावर पर्यटक आज फोटो काढतात, तिथे कॅसल माउंटनच्या छावणीतल्या कैद्यांनी काम केलं आहे. त्याच युद्धात फिलिप कोनोवाल हा युक्रेनी सैनिक कॅनडाकडून लढला आणि १९१७ मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेला. संसदेने या कैदेची दखल घेणारा कायदा केला २००५ मध्ये. तोवर भोगणारे जवळजवळ सगळे गेले होते. आमच्याकडच्या एक आजी सांगतात, आजोबा मरेपर्यंत गणवेशातला माणूस दिसला की खिसा चाचपायचे.

म्हणून मला वाटतं, ‘युक्रेनी’ ही ओळख या लोकांनी इथे येऊन मोठ्या कष्टाने घडवली. गावोगावी चर्च उभी राहिली, शेजारी वाचनालयाचं सभागृह. १९२५ मध्ये आलेल्या वासिल अव्रामेन्कोने शहरोशहरी नृत्यवर्ग काढले, आणि एका खेड्याचं नृत्य सगळ्यांचं झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासितांची नवी लाट आली, शिकलेली, राजकारणात मुरलेली. त्यांतले काही जर्मनांच्या बाजूने लढलेले होते, आणि तो वाद इथे अजून धुमसतो. पण एडमंटनच्या सिटी हॉलजवळ १९३२-३३ च्या दुष्काळात स्टालिनच्या राजवटीने मारलेल्या लाखोंचं स्मारक १९८३ मध्ये उभं राहिलं. सोव्हिएत युक्रेनमध्ये त्या दुष्काळाचं नावही काढता येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट आहे.

कॅनडा फक्त इंग्रज आणि फ्रेंचांचा नाही, हे सेनेटर पॉल युझिक यांनी १९६४ मध्ये आपल्या पहिल्याच भाषणात सांगितलं. १९७१ मध्ये देशाने बहुसांस्कृतिक धोरण स्वीकारलं, त्यामागे युक्रेनी लोकांचा मोठा रेटा होता. १९७४ पासून एडमंटनच्या सरकारी शाळांत युक्रेनी-इंग्रजी वर्ग चालतात. आमच्या आजींना लहानपणी शाळेच्या आवारात युक्रेनी बोलल्याबद्दल छडी मिळे. त्यांची पणती त्या भाषेत गणित शिकते. इथे आपल्या मुलांना मराठी शिकवताना आम्हाला कुणाची चोरी वाटत नाही, त्यात या लोकांच्या झगड्याचा वाटा आहे. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

२०२२ नंतर युद्धामुळे आणखी सुमारे तीन लाख युक्रेनी कॅनडात आले. आमच्याकडेही खार्किवची एक तरुण मदतनीस लागली. आजींची युक्रेनी शंभर वर्षांपूर्वीच्या गॅलिशियाच्या खेड्यातली, तिची शहरी. आधी दोघींना एकमेकींचं बोलणं नीट कळेना. आता त्या नाताळवरून भांडतात. युक्रेनने २०२३ पासून नाताळ ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरला आणला. मुलगी म्हणते, रशियाच्या चर्चची तारीख आम्हाला नको. आजी म्हणतात, माझ्या आजीने खड्ड्यातल्या घरात ६ जानेवारीच्या रात्री गहू, मध आणि खसखशीची कुत्या केली होती, मी तारीख बदलणार नाही. मला दोघींचंही पटतं. स्वयंपाकघराला मी दोन्ही तारखांसाठी गहू भिजवायला सांगते.