गंज काढण्याचा धंदा: कोणतं काम घ्यायचं, कोणतं नाकारायचं



जठारपेठेत बसून स्कूबाच्या टाकीबद्दल काय बोलायचं, असं वाटेल तुम्हाला. पण ऐका. तिकडे तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, मालवणला पर्यटक पाण्याखाली उतरतात. त्यांच्या पाठीवरच्या टाकीचा वैरी एकच, मीठ. आणि मीठ आपल्याकडेही आहे! अकोला, अमरावती, बुलडाण्याचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यावर कूलरची टाकी किती उन्हाळे टिकते, ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे गंज काढून पुन्हा रंग द्यायच्या कामाला इथे गिऱ्हाईक आहे. फक्त चार गोष्टी पक्क्या करा.

१. आधी तयारी, मग रंग

स्कूबाच्या टाकीला खाली प्लास्टिकचा बूट असतो. त्यात खारं पाणी अडकतं आणि वरून चकचकीत दिसणारी टाकी तिथेच खड्डे धरते. कूलरचंही तसंच, गंज कोपऱ्यात आणि तळाशी लपतो. सुटे भाग काढा, जुना रंग आणि गंज खरवडा, मग गोड्या पाण्याने धुवा. बोअरच्या पाण्याने धुतलं तर मीठ रंगाखाली राहतं आणि थोड्याच दिवसांत फोड येतात. पूर्ण वाळवा, मग प्रायमर, मग रंग.

२. धातू ओळखा

लोहचुंबक खिशात ठेवा. चिकटलं तर लोखंड, त्याला झिंक प्रायमर. ॲल्युमिनियमला चिकटत नाही, त्याला एच प्रायमर लागतो. जुना रंग काढायला कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमवर कधीच वापरू नका. तो धातूच खातो.

३. 'नाही' म्हणायला शिका

उद्या कोणी म्हणेल, "भाऊ, हा ऑक्सिजनचा सिलिंडर रंगवून द्या." थांबा! कारच्या टायरात साधारण 2 बार दाब असतो, स्कूबाच्या भरलेल्या टाकीत 200 च्या आसपास. पावडर कोटिंगची भट्टी 180 ते 200 अंश तापते. ॲल्युमिनियमचा सिलिंडर साधारण 175 अंशांच्या वर गेला की त्याची ताकद कमी होते. बाहेरून नवा दिसतो, आतून कमजोर. ग्राइंडर फिरवला तर भिंत पातळ होते. खांद्यावरचे कोरलेले आकडे रंगाने बुजले तर तपासणीची तारीखच वाचता येत नाही.

सिलिंडरसाठी 2016 चे गॅस सिलिंडर नियम आहेत. ते पाहणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. दाबाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच होते. त्यामुळे दाबाची कोणतीही वस्तू आली की गिऱ्हाइकाला तिकडे पाठवा. दोन पैसे गेले तरी चालतील, कोणाचा जीव जायला नको.

४. हिशेब वेळेचा

नवा माणूस फक्त रंगाच्या डब्याचा हिशेब धरतो आणि तोट्यात जातो. समजा, एका टाकीला खरवडायला-धुवायला तीन तास लागले आणि रंगाला अर्धा तास. मग मजुरी साडेतीन तासांची लावा. वर पॉलिश पेपर, हातमोजे, मास्क, वीज आणि जागेचं भाडंही धरा.

या आठवड्याचा गृहपाठ

घरचाच कूलर घ्या. प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते वहीत लिहा. ते पान म्हणजे तुमचं पहिलं दरपत्रक. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी ते तयार असू द्या. गिऱ्हाईक येतंच!