पडद्यावरचे फोन नंबर

चित्रपटात एखाद्या पात्राने फोन नंबर सांगितला की प्रेक्षकांपैकी काही जण तो लावून पाहतातच. नंबर खरा असेल तर त्याचा ताप कथेशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाला होतो. हे टाळण्यासाठी काही देशांनी पडद्यापुरते नंबर राखून ठेवले आहेत.

अमेरिकेत ही सोय ‘५५५’ने केली. जुन्या टेलिफोनच्या तबकडीवर अंकांसोबत अक्षरे असत आणि एक्स्चेंजच्या नावाची पहिली दोन अक्षरे नंबरात धरली जात. पाचच्या छिद्रात जे, के, एल ही अक्षरे होती. त्यांतल्याच दोन अक्षरांनी सुरू होणारी नावे फारशी नसल्याने ५५ने सुरू होणारी एक्स्चेंज विरळच राहिली. पुढे ५५५ हा आकडा चित्रपटवाल्यांना मोकळा मिळाला. मात्र या मालिकेतले सगळेच नंबर काल्पनिक नाहीत: ५५५-१२१२ हा चौकशीचा खरा क्रमांक. कथेसाठी राखीव आहेत ते ५५५-०१०० ते ५५५-०१९९ एवढे शंभरच.

ब्रिटनमध्ये दूरसंचार नियामक ‘ऑफकॉम’ने नाटक-मालिकांसाठी वेगळी यादी दिली आहे. लंडनचा नंबर हवा असेल तर ०२० ७९४६ ०००० ते ०९९९, मोबाइल हवा असेल तर ०७७०० ९००००० ते ९००९९९. असे नंबर कोणाही ग्राहकाला दिले जात नाहीत.

केवळ नंबर बंद असल्याची खात्री करणे पुरत नाही. ‘ब्रूस ऑलमायटी’ (२००३) या चित्रपटात देवाचा म्हणून सात आकडी नंबर दाखवला होता. कथा घडते त्या बफेलो भागात तो वापरात नव्हता. पण त्याला एरिया कोड जोडलेला नसल्याने इतर भागांत तोच नंबर असलेल्यांना देवाची चौकशी करणारे फोन येऊ लागले. घरगुती व्हिडिओ आवृत्तीत त्या जागी ५५५-०१२३ आला. ‘स्क्विड गेम’ (२०२१) या कोरियन मालिकेत पात्रांना दिलेल्या कार्डावरच्या नंबरात आठच अंक होते. दक्षिण कोरियात मोबाइल नंबर ०१० ने सुरू होतात आणि मोबाइलवरून नुसते आठ अंक लावले तरी ते आपोआप जोडले जातात, त्यामुळे फोन गेले आणि नेटफ्लिक्सला ती दृश्ये बदलावी लागली.

भारतातही असे घडले आहे. ‘अर्जुन पटियाला’ (२०१९) या हिंदी चित्रपटात सांगितलेला नंबर दिल्लीतल्या एका रहिवाशाचा निघाला. ‘अमरन’ (२०२४) या तमिळ चित्रपटातल्या नंबरामुळे चेन्नईच्या एका विद्यार्थ्याला सतत फोन आले. त्याने नुकसानभरपाईची नोटीस पाठवली आणि निर्मात्यांनी दृश्यातला नंबर झाकला.

राखीव नंबर नसेल तर निर्मात्यापुढे दोन खात्रीचे मार्ग उरतात: नंबर पुरा करता येणार नाही इतके अर्धवट आकडे दाखवणे, किंवा स्वतःच एक नंबर विकत घेऊन त्यावर ध्वनिमुद्रित निरोप ठेवणे. प्रदर्शनानंतर दृश्य बदलण्यापेक्षा हे दोन्ही मार्ग स्वस्त पडतात.